बिनपॉलिशचा पट

"ताई, चक्कर येतेय का? पाणी आणू?"

मी डोळे उघडले. समोर एक उंच मुलगा उभा होता. भुवयांवर लाकडाचा भुसा, कानावर पेन्सिल, आणि चेहऱ्यावर अगदी खरीखुरी काळजी.

आता माझीही बाजू ऐकून घ्या. मी सावेडीतल्या एका लाकडाच्या वखारीत, एका फळीवर दोन्ही हात टेकवून, डोळे गच्च मिटून उभी होते. आणि बराच वेळ उभी होते. कुणालाही वाटलं असतं, पोरीला भोवळ आली. ते सगळं मान्य. पण 'ताई' म्हणायची काय गरज होती? चांगला माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा दिसत होता!

"चक्कर-बिक्कर काही नाही. लाकूड बघतेय."

"डोळे मिटून?"

"हो. मग?"

"नाही, म्हणजे... लोक साधारणपणे उघडे ठेवून बघतात."

"लोकांचं लोकांपाशी," मी म्हटलं आणि पुढच्या फळीकडे सरकले.

तो गेला नाही. माझ्या मागोमाग आला. "काय करायचंय? देव्हारा? झोपाळ्याची फळी?"

"बुद्धिबळाचा पट."

"अरे वा! मग सोपं आहे की. एक काळं लाकूड घ्या, एक पिवळट घ्या. शिसवाशेजारी हळदू ठेवलं ना, की असं उठून दिसतं—"

"दिसायला नकोय मला."

"आं?"

"रंग कसाही असू द्या. काळं घर कुठलं आणि पांढरं कुठलं, ते हाताला कळलं पाहिजे. नुसत्या हाताला."

तो थांबला. मी ज्या फळीवर हात ठेवला होता त्या फळीकडे बघितलं, मग माझ्याकडे. हसू गेलं होतं. "कुणासाठी?" त्यानं हळूच विचारलं.

"दादांसाठी. माझ्या वडिलांसाठी."

का कोण जाणे, त्या भुसा लागलेल्या अनोळखी माणसाला मी सगळं सांगून टाकलं. माझे दादा, आसाराम, घोडेगावच्या बाजारात जनावरांचे दलाल. उभा जन्म बैलांच्या पाठीवरून हात फिरवण्यात गेला. बाजार उरकला की कडुनिंबाखाली कापडी पट अंथरून बुद्धिबळ. मलाही त्यांनीच शिकवलं. रोज संध्याकाळी आमचा डाव ठरलेला, आणि डाव लांबला की आईची ओरड ठरलेली. मग दादांच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. कळलं तेव्हा उशीर झाला होता. मी इथं सावेडीत चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, घोडेगावहून रोज ये-जा करते, दिवसभर लोकांना काचा लावून 'आता वाचा बरं' म्हणते. दादांपुढं मात्र माझ्या दुकानातली एकही काच उपयोगाची नव्हती.

नजर गेल्यापासून दादांनी सोंगट्यांना हात लावला नव्हता. ऑनलाइन आंधळ्यांसाठीचा प्लास्टिकचा पट मिळतो, तो मी मागवला. दादांनी एकदा चाचपला आणि "हे काय पोरांचं खेळनं आनलंस?" म्हणून बाजूला सारला. तेव्हापासून नुसते ओट्यावर बसून राहतात. बोलणं कमी, जेवण त्याहून कमी. विचारलं तर म्हणतात, "माझा डाव आटोपला, बाई." त्या वाक्याची मला भीती वाटते. फार भीती वाटते.

मुलानं कानावरची पेन्सिल काढली, उगाच बघितली, परत ठेवली. "मी कानिफनाथ. मागच्या गल्लीत माझं वर्कशॉप आहे. दिवसभर प्लायवूडची किचनं करतो आणि वर सनमायका चिकटवतो. खरं लाकूड हातात घ्यायला मिळत नाही. हे काम मला द्या."

"देईन. पण मला ताई म्हणणार असाल तर नाही."

"नाव सांगितलंत तर कशाला म्हणेन?"

"मोहिनी."

त्याच्या ओठाचा कोपरा हलला.

"हसू नका. आईचं माहेर नेवासा. मोहिनीराजाचं गाव, म्हणून मोहिनी. उगाच भलतं काही मनात आणू नका."

"मी कुठं काय म्हणालो?" कानिफनाथ म्हणाला. "नाव शोभतं, एवढंच म्हणणार होतो. पण म्हटलं, आत्ताच तर ओळख झालीय... राहू द्या."

मी तोंड फिरवलं. कान मात्र गरम झाले होते, ते लपवता आले नाहीत.

त्यानंतर दुकान सुटलं की माझी स्कूटी आपोआप त्या गल्लीत वळायला लागली. वर्कशॉपमध्ये एका खोक्यात कानिफनं लाकडाचे उरलेसुरले तुकडे जपून ठेवले होते. मी स्टुलावर बसायची, डोळे मिटायची, आणि तो एकेक तुकडा माझ्या हातात द्यायचा.

"हा कसा वाटतो?"

"मऊ आहे. नख रुततंय."

"आंबा. पटाला नको, सोंगट्या आपटल्या तरी खड्डे पडतील. आणि हा?"

"गार आहे. आणि जड!"

"शिसव. बघा कसा पटकन ओळखला गारवा. आणि हा घ्या."

"ई... कडू वास येतोय."

"कडुनिंब. वास घ्यायला कुणी सांगितला? बोटांनी बघायचं ठरलंय ना?"

"नाक काय घरी ठेवून येऊ?"

तो मोठ्यानं हसायचा. हसला की त्याच्या हातातला तुकडा हमखास खाली पडायचा, आणि तो शोधायला आम्ही दोघंही एकदम वाकायचो. डोकी आपटली नाहीत कधी, पण थोडक्यात वाचली. अशा वेळी तो इतका गडबडायचा की मला उगाच मजा वाटायची.

त्याला बुद्धिबळ येत नव्हतं. पट करायला निघालेल्या माणसाला उंट कसा चालतो ते ठाऊक नाही म्हणजे काय! मी भुशात बोटानं चौकटी काढून शिकवायला लागले.

"घोडा अडीच घरं. दोन सरळ, मग बाजूला."

"सरळच का नाही जात बिचारा?"

"त्याची चाल तशी."

"लाजत असेल," कानिफ माझ्याकडे न बघता म्हणाला. "जायचं असतं एका घरात... आणि मग वळतो भलतीकडे."

मी भुसा पुसून टाकला. म्हटलं, आज एवढं पुरे.

खरं सांगायचं तर लाकूड ठरायला इतके दिवस लागायचं काही कारण नव्हतं. मी म्हणायची, "हे नको." तो विचारायचा, "का?" मी म्हणायची, "असंच. बोटाला बरं नाही वाटत." आणि तो सुटल्यासारखा म्हणायचा, "हरकत नाही, उद्या एक नवीन तुकडा दाखवतो." तो 'नवीन' तुकडा म्हणजे परवाचंच शिसव असायचं. कोपऱ्यावरच्या टवक्यावरून मी बरोबर ओळखायची. बोलायची नाही. लाकूड एकदा ठरलं की मग मी कोणत्या तोंडानं त्या गल्लीत वळणार होते?

एका संध्याकाळी मी अशीच डोळे मिटून बसले असताना आईचा फोन आला. "दादा आज उठलेच न्हाईत गं ओट्यावरनं. जेवायला वाढलं तर ताट सारलं. तू कवा येतीस?"

फोन ठेवला आणि मला स्वतःचाच राग आला. तिकडे दादा अंधारात बसलेत, आणि इकडे मी आंबा का शिसव, आंबा का शिसव करत लाडात आलेय!

"बाभूळ आणि हळदू," मी म्हटलं. "बाभूळ खरखरीत लागते, हळदू गुळगुळीत. ठरलं. किती लवकर होईल?"

कानिफनं माझा चेहरा बघितला आणि एकही चेष्टेचा शब्द काढला नाही. "लगेच लागतो," म्हणाला.

आणि लागलाच. बाभळीनं त्याच्या रंध्याचं पातं खाल्लं, हाताला फोड आले, पण पट झाला. रविवारी तो स्वतः मोटरसायकलवरून घोडेगावला घेऊन आला. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, भुवया स्वच्छ. मी ओळखलंच नाही क्षणभर. पटावरचं जुनं धोतर त्यानं बाजूला केलं, आणि आई — पुष्पावती तिचं नाव, सहसा कशाचं कौतुक न करणारी बाई — तीही "अगं बया!" म्हणाली.

काय सुंदर झाला होता! तांबूस-काळी बाभूळ, हळदीच्या रंगाचं हळदू, प्रत्येक घराला सोंगटी रोवायला बारीक भोक, आणि सगळ्यावर अशी चकाकी की छताचा पंखा त्यात फिरताना दिसत होता. कानिफ पटाकडे बघतच नव्हता. तो माझ्याकडे बघत होता, मी काय म्हणते म्हणून. मी मनापासून म्हटलं, "वा!"

मग आम्ही तो दादांच्या मांडीवर ठेवला.

"पट हाय व्हय?" दादांनी दोन्ही हात ठेवले. बोटं डावीकडून उजवीकडे गेली. परत आली. पुन्हा गेली... आणि अडखळली. अंगठ्यानं त्यांनी एक घर चोळलं, मग शेजारचं. मग पहिलं. मीही हात पुढं केला आणि डोळे मिटले.

बाभूळ नव्हती, हळदूही नव्हतं. सगळीकडे नुसती काच होती.

"लई गुळगुळीत हाय," दादा म्हणाले. "छान केलाय पोरानं." आणि त्यांनी हात उचलून घेतले. मांडीवर एकावर एक ठेवले आणि रस्त्याच्या दिशेनं तोंड केलं.

मी कानिफला ओढतच अंगणात नेलं. "हे काय केलंस तू?" पहिल्यांदाच त्याला 'तू' म्हणाले, आणि तेही असं. "आरसा करायला सांगितला होता का मी?"

"पॉलिश..." तो पांढराफटक पडला होता. "बाभळीची छिद्रं भरली. घासलं. मग लाखेचे हात दिले, एकावर एक. मोहिनी, मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"तू बघशील, आणि वा म्हणशील."

आणि मी म्हटलंही होतं! म्हणूनच जास्त संताप आला. "जा तू आता," मी म्हटलं. "पट राहू दे. जा."

तो गेला. आई दारात उभी होती. "पोरगं चांगलं हाय गं," एवढंच म्हणाली. त्या आठवड्यात मी गल्लीत वळले नाही. वळणापाशी स्कूटी मात्र रोज हळू व्हायची.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी सुट्टी काढून घरी होते. दुपारी दादांची औषधं घेऊन बाजारतळावरून येत होते, तर समोरून कानिफनाथ! पाठीवर सॅक, खांद्यावर टॉवेल, बैलांच्या गर्दीत इकडून तिकडे ढकलला जाणारा.

"इथं काय करतोस?"

"लाकूड शोधतोय. तू जा म्हणालीस. येऊ नको असं काही म्हणाली नव्हतीस."

मला हसू आलं. रागावायचं ठरवलं होतं, पण आलं.

आम्ही चालायला लागलो. वर परतीच्या पावसाचे ढग दाटले होते, वाऱ्याला ओल्या कडब्याचा वास होता. एका खिलारी जोडीपाशी दोन माणसं टॉवेलखाली हातात हात घालून गंभीर उभी होती. कानिफ थबकला. "हे काय चाललंय?"

"सौदा. भाव तोंडानं नाही सांगायचा. टॉवेलखाली एकमेकांची बोटं दाबायची. कुठलं बोट, किती बोटं, त्यावरून आकडा. शेजारच्याला पत्ता लागत नाही. दादांनी आयुष्यभर हेच केलं."

"म्हणजे दादांची बोटं..."

"वाचतात. हो."

तेवढ्यात पाऊस आलाच. आम्ही पळत एका उभ्या टेम्पोच्या ताडपत्रीखाली शिरलो. बाकी बाजार भिजत होता, बैल शांतपणे उभे होते, आणि आमच्या दोघांच्या मध्ये त्याची सॅक. त्यानं ती उघडली. आत खोक्यातले तेच तुकडे, बिनपॉलिशचे.

"हात दे," तो म्हणाला. आणि माझ्या हातावर टॉवेल टाकला. "म्हणजे डोळे उघडे ठेवलेस तरी चालेल."

टॉवेलखाली एक तुकडा आला. "शिसव," मी म्हटलं. दुसरा आला. "सागवान. तेलकट आहे." मग तिसरा... आलाच नाही. त्याऐवजी त्याची बोटं आली. फोड सुकून निबर झालेली. त्यांनी माझी पाचही बोटं एकदम धरली आणि हलकेच दाबली.

पाऊस ताडपत्रीवर तडतडत होता. मी समोरच्या बैलाकडे बघत राहिले. तोही माझ्याकडे बघत होता.

"हा कुठला भाव?" मी विचारलं. आवाज माझाच होता का, शंका आली.

"तोंडानं सांगायचा नसतो ना?"

"हात सोड."

"सोडू?"

"...नको."

मला तो आवडत होता. वखारीपासूनच आवडत होता, भुशासकट. पॉलिशसाठी त्याच्यावर ओरडले, तेव्हाही आवडत होता. पाऊस थांबला तेव्हा कुठं मी टॉवेल त्याच्या खांद्यावर टाकला आणि पुढं चालायला लागले, कारण मागं बघायची हिंमत नव्हती.

बाजारतळाच्या टोकाला एका शेतकऱ्यानं जुनी बैलगाडी मोडायला काढली होती. आता ट्रॅक्टर आला, म्हणाला, गाडी कशाला जागा अडवून? तिच्या तळाच्या सागवानी फळ्या बाजूला रचून ठेवल्या होत्या. कानिफनं एकीवर हात ठेवला आणि तो काढलाच नाही.

"मोहिनी. इकडं ये. हात लाव."

मी लावला. उन्हापावसानं लाकडाचा मऊ भाग झिजून गेला होता आणि कठीण रेघा वर आल्या होत्या. एकीशेजारी एक, नांगरलेल्या रानासारख्या. डोळे मिटायचीही गरज नव्हती.

"हेच!" मी ओरडलेच. "कानिफ, हेच! याच्या शेजारी गुळगुळीत हळदू—"

"थांब," तो म्हणाला. "मागच्या वेळी आपणच ठरवलं आणि तोंडावर पडलो. ज्याला खेळायचंय त्याला एकदा तरी विचारलं का आपण?"

खरंच नव्हतं विचारलं. दादांसाठी एवढी धावाधाव केली, आणि दादांनाच तेवढं वगळलं होतं. शेतकऱ्यानं फळीच्या बदल्यात चहा पाजा म्हटलं. चहा पाजून आम्ही ती उचलली.

दादा ओट्यावरच होते. पावलांचा आवाज ओळखून म्हणाले, "परत पट आनलाय का? ऱ्हाऊ द्या पोरांनो. माझं काय अडलं न्हाई."

"पट नाही आणला, दादा," कानिफ त्यांच्या पायाशी बसत म्हणाला. "लाकूड आणलंय. मला फसवलंय का ते तेवढं सांगा. बाजारातून घेतलंय."

हे मात्र बरोबर लागलं. दादांच्या गावच्या बाजारात कुणी फसतंय म्हणजे काय? त्यांनी हात पुढं केला. फळीवर तळवा ठेवला, मग बोटं, मग कडेला अंगठा. मान किंचित तिरकी झाली. बैलाचं वय सांगण्याआधी व्हायची तशीच.

"गाडीची हाय," ते म्हणाले. "सागवान. लई उन्हाळं खाल्ल्यात. आता ही वाकायची न्हाई. फसला न्हाईस."

"मग याच्या जोडीला काय घेऊ?"

"काय काय हाय?"

कानिफनं सॅक त्यांच्या मांडीवर उपडी केली. आणि मग दादा जे सुरू झाले! "ह्यो आंबा. काढ बाजूला, दोन दिसात चेमटंल. ही बाभूळ, फळीसंगं हिचा खरखरीतपना गोंधळ करील. शिसव चांगलं हाय, पन लई गार... थंडीत बोटं आखडत्यात माझी." शेवटी त्यांनी एक छोटा तुकडा गालावरून फिरवला. "हे. हे कोन?"

"हळदू, दादा."

"हे घे. पानी प्याल्यावानी वाटतंय." मग एकदम कडक आवाजात, "आन् हे बघ, वर काय बी फासायचं न्हाई. सांगून ठेवतो."

"नाही फासत," कानिफ म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. दादांना ते दिसलं नाही, मला दिसलं.

पट आमच्या ओट्यावरच झाला. कानिफ रविवारी यायचा, मग रविवारखेरीजही यायला लागला. फळीची घरं कापायची, शेजारी हळदू बसवायचं, आणि प्रत्येक ओळ दादांच्या बोटाखालून पास करून घ्यायची. "इथं सांध लागतीय," म्हटलं की उखडून पुन्हा. काळ्या सोंगट्यांच्या डोक्यावर एकेक बारीक खिळा, म्हणजे हाताला फरक कळावा. ती सूचनाही दादांचीच. आई दर वेळी "त्येला जेवूनच जाऊ दे" म्हणायची, आणि दादा कधी कधी दोन भाकऱ्या खायचे.

अखेर पट पुरा झाला. लाकडाचा वास, बिनपॉलिशचा, साधा. मला वाटलं पहिला डाव माझा. पण दादा म्हणाले, "ज्यानं केलाय त्येनं बसायचं." आणि कानिफ बसला. हात धोतराच्या तुकड्याला पुसून, परीक्षेला बसल्यासारखा.

दादांची बोटं फळीवरून हळदूवर, हळदूवरून फळीवर चालत होती. एकदाही अडखळली नाहीत. पहिल्या चाली सावकाश, मग सपासप. मी पाणी आणून दिलं. थोड्या वेळानं चहा आणला. कप ठेवेपर्यंत दादांनी घोडा रोवला आणि गर्जना केली, "शह! आन् मात बी!"

आणि हसले. खदखदून, पोट धरून. आई स्वयंपाकघरातून पीठ भरल्या हातानं धावत आली. किती महिन्यांनी तो आवाज घरात ऐकू आला होता.

"पोरा," दादा डोळे पुसत म्हणाले, "तू बरा खेळत हुतास रं. मधीच काय हुतं तुला? मोहिनी पानी घिऊन आली, तुझा हत्ती गेला. आता चहा घिऊन आली, तुझा वजीर गेला. डाव हिकडं मांडलाय, पटावर."

कानिफचे कान लाल झाले. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे, मग परत माझ्याकडे... आणि मला वाटलं, हा घोडा काही सरळ चालायचा नाही. आपणच चाललं पाहिजे.

"दादा," मी म्हटलं, "मला कानिफ आवडतो."

आईचे पीठ भरले हात तसेच वर राहिले.

"मलाही," कानिफ घाईनं म्हणाला. "म्हणजे... मला मोहिनी आवडते. खूप. मी विचारायला येणारच होतो, पण आधी पट नीट व्हावा असं..."

"अगं, पन लोक काय म्हनतील?" आई पुटपुटली. "आपलं बी भाऊबंद हायेत, त्येंचं काय?"

"त्येंच्या हातात टॉवेल दिलाय का मी?" दादा म्हणाले. मी त्यांच्या हातांकडे बघत होते. आता ते उचलून मांडीवर ठेवतील, रस्त्याकडे तोंड करतील, आणि माझ्या या बोलण्यानं सगळं पुन्हा बंद होईल, अशी धडकी भरली होती मला.

दादांनी हात पटावर नेले. राजा चाचपून उचलला आणि त्याच्या घरात रोवला. मग वजीर. मग उंट. एकेक सोंगटी जागेवर लावत म्हणाले, "आवडतो तर आवडतो. त्येच्या आईबापाला बोलाव एकदा, बसू, बोलू. पन तू ह्येला खेळायला नीट शिकव, मोहिनी. रोज संध्याकाळी असल्या कच्च्या गड्याला हरवून मला काय मजा?"

"रोज?" मी विचारलं.

"मग काय सनासुदीला?" दादा खेकसले. "चल रं, तुझी चाल. आन् तू आत जा बघू, न्हायतर ह्येचं लक्ष लागायचं न्हाई."

मी आत गेले नाही. दाराआड उभी राहून ओढणीत तोंड खुपसून पोटभर रडले. कानिफनं मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि त्याच चालीत त्याचा उंट गेला.